पूजेच्या सुट्टीत उकळलेलं रक्त

आमच्या प्रयोगशाळेत एक अलिखित करार होता. गणपतीत सुट्टी मला, आणि दुर्गापूजेत सुट्टी बाकी सगळ्यांना. करार दिदींनी केला होता आणि मला न विचारता केला होता. "तुझा देव आधी येऊन जातो ना? मग आमची देवी आली की किडे तू सांभाळायचे," एवढं बोलून त्या मोकळ्या झाल्या. मी चरफडले. मराठी असले म्हणून काय झालं, जन्म कलकत्त्यातल्या भवानीपूरचा. अष्टमीला नवी साडी नेसून मंडपांतून हिंडायची हौस मलाही होतीच की! पण दिदींपुढे बोलायची कुणाची छाती?

दिदी म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. पन्नाशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या, पांढरी सुती साडी आणि आवाज असा की बाहेरच्या जिन्यावरचा माणूस दचकावा. मला त्या लाडात आल्या की 'बर्गी' म्हणायच्या. बंगाल लुटायला आलेल्या मराठा घोडेस्वारांना तिकडे बर्गी म्हणतात, आणि अजून पोरांना त्यांची भीती घालतात. आमच्या आईला हे कळलं तेव्हा ती उखडली. "लुटायला? आम्ही? तुझ्या बाबांना तर भाजीवाला लुटतो!"

सत्तरच्या दशकाचा तो मधला काळ. एम.एस्सी. झाल्यावर मी दिदींकडे रुजू झाले तेव्हा आईचा जीव वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. लग्नाची मुलगी दिवसभर सशाच्या रक्तात हात घालते, हे स्थळवाल्यांना सांगायचं कसं? बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत हिशेबनीस होते, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "सांग ना, मुलगी औषध शोधते." आई म्हणाली, "आणि सापडलं नाही तर?" बाबांनी वर्तमानपत्र उघडलं.

औषध शोधायचं होतं काळ्या आजारावर. वाळूमाशी चावते, आणि तिच्यातून एक सूक्ष्म जीव माणसाच्या अंगात शिरतो. महिनोन् महिने ताप, पोटात प्लीहा वाढून दगडासारखी होते, अंग काळवंडतं आणि माणूस झिजून जातो. त्या जीवांनाच आम्ही लाडाने किडे म्हणायचो. डोळ्यांना ते दिसत नाहीत. मायक्रोस्कोपखाली बघितलं की एक बारीक शेपटी हलवत मजेत पोहताना दिसतात. इतके देखणे की पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी "अय्या!" म्हणाले आणि दिदींचा ओरडा खाल्ला.

त्या ओरडल्या त्याला कारण होतं. लहानपणी, पूर्व बंगालमधल्या त्यांच्या गावात, त्यांनाच काळा आजार झाला होता. अँटिमनी या विषारी धातूच्या इंजेक्शनांनी त्या वाचल्या. शेजारच्या खाटेवरची मुलगी मात्र त्याच इंजेक्शनाने, हृदय बंद पडून गेली. दिदी एवढंच सांगायच्या, त्या मुलीबद्दल याहून जास्त कधीच बोलल्या नाहीत. आजार बरा झाल्यावर त्यांच्या गालांवर आणि हनुवटीवर फिकट डाग उठले, ते कायमचे राहिले. लग्न न होण्याचं कारण तेच, असं लोक म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे, मी कधी विचारलं नाही.

म्हणून त्यांचा ध्यास एकच. औषधाने किडा मरावा, माणसाला धक्का लागता कामा नये. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून समजावलं होतं. "हा किडा आपल्या अंगात राहतो, आपलंच खातो. पण खाल्लेलं पचवायच्या काही युक्त्या त्याच्या स्वतःच्या असतात. प्रत्येक युक्तीमागे एक एन्झाइम असतं. जे एन्झाइम त्याला लागतं आणि आपल्याला लागत नाही, तेवढंच शोधायचं आणि बंद पाडायचं. किडा उपाशी मरेल, आणि माणसाला पत्ताही लागणार नाही." मी म्हटलं, "म्हणजे घूस मारायची, पण घर खणायचं नाही." त्या खूश झाल्या. पुढे कुणालाही समजावताना त्या माझी घूसच वापरायच्या, आणि माझं नाव मात्र घ्यायच्या नाहीत!

मी आले त्याच्या आधीच त्यांना असं एक एन्झाइम सापडलं होतं. परीक्षा सोपी होती. किडे वाढवायचे, धुवायचे, फोडायचे आणि त्यांचा अर्क नळीत घालायचा. एन्झाइम काम करत असलं की नळीत सुंदर निळा रंग चढायचा. मग आम्ही निरनिराळी रसायनं घालून बघायचो की कशाने तो रंग चढायचा थांबतो. शेकड्यांनी रसायनं वाया गेली. नाकी नऊ आले. आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका पावडरीची चिमूट अशी निघाली की निळं म्हणून काही चढेचना. नळी पाण्यासारखी स्वच्छ! दिदींनी ती नळी खिडकीशी धरली, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली, आणि मग सगळ्यांसाठी संदेश ही बंगाली मिठाई मागवली. एरवी त्या चहासुद्धा मागवायच्या नाहीत.

पुढची पायरी होती ती पावडर काळा आजार झालेल्या हॅमस्टरांना, म्हणजे उंदरासारख्या गुबगुबीत प्राण्यांना, देऊन बघण्याची. त्यासाठी पैसा हवा आणि परवानगी हवी. पूजा आटोपली की दिल्लीहून एक मोठे साहेब येणार होते, आमचा विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला. दिदींनी आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्या नळीवर टांगलेली होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या काळात कुणी त्यांना उलटून बोलत नसे.

तर पूजा आली. षष्ठीला दिदी बराकपूरला भावाकडे गेल्या. बाकीचे आपापल्या गावी किंवा मंडपात. प्राण्यांना चार दिवसांचं खाणं टाकून, त्यांच्या घराची किल्ली घेऊन तिथला माणूस मेदिनीपूरला गेला. आणि मी, बर्गी, एकटी पहाऱ्याला. काम तसं फार नव्हतं. किड्यांना ठरावीक दिवसांनी नव्या नळ्यांत हलवावं लागे, नाहीतर ते जुन्या नळीत गुदमरून मरत. नव्या नळ्यांत खाद्य असे: सशाचं ताजं रक्त घालून गोठवलेला आगार, म्हणजे समुद्री शेवाळाची जेली. तिरप्या नळीत तो लाल खरवसासारखा दिसायचा. आईला हे मी एकदा बोलले आणि तिने वर्षभर खरवस केला नाही.

सप्तमीला सकाळी जाऊन पाहते तो काय, इमारतीत वीज नाही. कलकत्त्यात तेव्हा लोडशेडिंगचा असा सुळसुळाट होता की वीज असली तरच लोक एकमेकांना सांगायचे. पण मंडपांवर दिव्यांच्या माळा आणि आमच्याकडे ठणठणाट, याचा मला असा संताप आला म्हणून सांगू! वीज कधीची गेली होती कोण जाणे. फ्रिज कोमट झाला होता. तयार ठेवलेल्या नळ्यांवर पांढरी बुरशी धरली होती. त्या सगळ्या फेकल्या. उरली सशाच्या रक्ताची एक बाटली. अजून चांगली होती, पण त्या उकाड्यात ती दुसऱ्या दिवशी नासणार हे उघड होतं. नवं रक्त काढायचं तर ससे कुलपाआड.

किडे मेले असते तर दिदींनी वर्षानुवर्षं जपलेली किड्यांची जातच बुडाली असती. मी घाबरले आणि घाबरल्यावर मी माझ्या आईची मुलगी झाले. घरातली वीज गेली, दूध नासायची वेळ आली, तर आई काय करते? उकळते. मी पण गॅस पेटवला आणि रक्त उकळलं.

आता हसू येतं, पण तेव्हा मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. रक्ताचा चॉकलेटी गोळा झाला, त्याला असा काही वास सुटला की बिहारी दरवान वर येऊन डोकावला. "बहनजी, मटन चढा है का?" मी म्हटलं, "तुम्हारा सर!" तो हसत हसत गेला. मी बिचारी ब्राह्मणाची पोर, आयुष्यात अंडं फोडलं नव्हतं, आणि फडक्यातून सशाच्या रक्ताचं पाणी गाळत बसले होते! ते तपकिरी पाणी आगारात घातलं, नळ्या वाफेवर निर्जंतुक केल्या आणि देवाचं नाव घेऊन किडे त्यांत सोडले. बाहेर ढाक, पूजेचे ते मोठे ढोल, वाजत होते.

आणि किडे जगले! जरा हळू वाढले, पण जगले. मी रोज जाऊन बघायची, शेपट्या हलवत पोहत होते बेटे. पुढच्या वेळीही मी त्यांना तेच उकळलेलं खाद्य दिलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

कोजागिरी झाल्यावर दिदी परतल्या. विजयादशमीचा नमस्कार केला, त्यांनी भावाकडचे नारळाचे लाडू माझ्या हातावर ठेवले, आणि मी फुशारकीने सगळी कथा सांगितली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "उकळलंस? अगं, रक्त म्हणजे काय दूध आहे? साय धरली का त्याच्यावर?" सगळी प्रयोगशाळा हसली. मी लाडू तोंडात कोंबला.

साहेब यायचे होते, म्हणून नेहमीची चाचणी पुन्हा एकदा करून ताजे आकडे काढायचं ठरलं. किडे अर्थात माझेच, पूजेत जगवलेले. धुतले, फोडले, अर्क नळीत घातला. निळा रंग चढला नाही. पावडर घातलेली नव्हती, काहीच घातलेलं नव्हतं, आणि तरी नळी पाण्यासारखी.

"उपाशी मारलेस ना त्यांना," दिदी म्हणाल्या. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मला रडूच कोसळलं. पण मी मायक्रोस्कोपपाशी जाऊन बघितलं तर मेले मजेत पोहत होते! मी चिडून म्हणाले, "दिदी, या एन्झाइमशिवाय हे जगू शकत नाहीत ना? मग हे जगतायत कसे?"

दिदी खुर्चीवर बसल्या. किडे आम्ही दर वेळी नीट धुऊन घ्यायचो, त्यामुळे ते धुतल्या तांदळासारखे, रक्ताचा अंशही त्यांना चिकटलेला नाही, अशी आमची सगळ्यांची खात्री होती. त्या खात्रीपायी एक साधी गोष्ट कुणीच कधी करून पाहिली नव्हती. दिदी म्हणाल्या, "किडे नकोत. नुसतं सशाचं रक्त घे. कच्चं. पातळ कर, लाली दिसेनाशी होईपर्यंत."

मी केलं. नळीत असा गडद निळा रंग चढला की काय सांगू. मग दुसऱ्या नळीत तेच रक्त आणि आमची ती चिमूट घातली. नळी स्वच्छ.

इतकी वर्षं आम्ही किड्याचं म्हणून जे एन्झाइम जपलं होतं ते सशाचं होतं. कच्च्या रक्तातून ते किड्यांना चिकटून यायचं, धुऊनही जायचं नाही. उकळल्यावर ते मेलं, आणि किड्यांना त्याच्याशिवाय काहीच अडलं नाही. मला वाटलं दिदी आता ओरडतील. त्यांनी पदर सावरला, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. "आता माझं घे," त्या म्हणाल्या.

त्यांचं रक्त मीच काढलं. त्यांच्या रक्तातही तोच निळा रंग चढला, आणि पावडर घातल्यावर तोही चढेना. दिदींनी नळी खिडकीशी धरून पाहिली. "म्हणजे हे औषध मला मारणार," त्या म्हणाल्या, "आणि किड्याला काही होणार नाही." रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मी त्यांना सांगितलं, साहेब येऊन जाऊ देत, मग बोला. विभाग चालू राहील, मग आपण खरं एन्झाइम शोधू. बोललेच मी तसं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. दिदींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि तोवर हॅमस्टरांना काय घालायचं?" त्या म्हणाल्या. "आणि नंतर माणसांना?"

साहेब आले. वाईट माणूस नव्हता तो. दिदींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि सगळ्या नळ्या ओळीने मांडून स्वतःच्या तोंडाने सांगितलं की हे सशाचं आहे, किड्याचं नाही. ते चकित झाले, प्रामाणिकपणाचं कौतुकही केलं त्यांनी. मग म्हणाले, "तसाही काळा आजार आता उरलाय कुठे? डीडीटीच्या फवारणीने वाळूमाशी संपली. ज्या रोगाला रोगी नाहीत त्याला औषध कशाला?" त्या काळी पुष्कळ शहाणी माणसं असंच म्हणायची. विभाग बंद झाला. हॅमस्टर दुसऱ्या विभागाकडे गेले. किडे कुणालाच नको होते.

त्या दिवशी दिदींनी शेवटचे किडे मायक्रोस्कोपखाली बराच वेळ पाहिले. मग आम्ही दोघींनी नळ्या एकेक करून फिनेलच्या बादलीत ओतल्या. ओतता ओतता त्यांचा आवाज फुटला. "बघ, मारायला काय, फिनेलनेसुद्धा मरतात. माणूस राखून मारायचं, एवढंच जमलं नाही गं मला." त्या रडल्या. तो बुलंद आवाज असा रडताना ऐकणं फार वाईट होतं. मला त्यांना मिठी मारायची होती, पण माझ्या हातांना फिनेल लागलेलं होतं, आणि मी तशीच उभी राहिले.

मी मुलींच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. लग्नही झालं, मुलगा कलकत्त्यातलाच, बँकेतला. आईने नवस फेडला. दिदी निवृत्त होऊन श्यामबाजारच्या जुन्या घरात राहायच्या. रविवारी मी ट्रामने त्यांच्याकडे जायची, आम्ही मुरमुरे खायचो आणि त्या सरकारला शिव्या द्यायच्या. किड्यांचा विषय आम्ही दोघीही काढत नसू.

आणि मग, त्याच दशकाच्या अखेरीला, बिहारमध्ये काळा आजार परत आला. फवारणी थांबली होती, वाळूमाशी परतली होती, गावंच्या गावं तापाने पडत होती. इंजेक्शनं पुन्हा तीच, अँटिमनीची. मी वर्तमानपत्र घेऊन धावतच श्यामबाजारला गेले. दिदींनी आधीच वाचलं होतं. साडी बदलून, चपला घालून त्या दारातच उभ्या होत्या. "बरं झालं आलीस. रिक्षा बघ," त्या म्हणाल्या.

आम्ही आमच्या जुन्या इमारतीत गेलो. बातमीत म्हटल्याप्रमाणे तिथे घाईघाईने नवा विभाग उघडला होता, नवी माणसं होती, माझ्याहूनही लहान. मेजावर तिरप्या नळ्या मांडलेल्या, आत कच्च्या रक्ताचा लाल आगार. दिदींनी एक नळी उचलली आणि त्यांचा तो जुना आवाज लागला. सगळे काम टाकून गोळा झाले. त्यांनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: कुठलं एन्झाइम, कसा फसवा रंग, त्यात गेलेली वर्षं. "यात जे सापडेल ते किड्याचं आहे असं धरून चालू नका. आधी नुसतं रक्त तपासा. मग उकळलेल्या रक्तावर वाढवा. माझी वर्षं गेली, तुमची घालवू नका, आता लोक मरतायत." कुणी हसलं नाही. एकजण पटापट लिहून घेत होता. एवढं लक्ष देऊन दिदींचं बोलणं कुणी ऐकताना मी पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं, आणि माझे डोळे भरून आले.

बोलून झाल्यावर पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने फार आदराने विचारलं, "दिदी, मग खरं एन्झाइम कुठलं? कशावर घाव घालायचा?"

दिदींनी नळी जपून जागेवर ठेवली. "ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माहीत असतं तर मी इथे बोलायला आले असते का, बाळ? औषध घेऊन बिहारला गेले असते."